पैसे मोजलेत ना!

"टॉयलेटमध्ये कागद टाकू नका. शेजारच्या डब्यात टाका."

अथेन्समधल्या आमच्या हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या पहिली नजर गेली ती या पाटीवर. माझा पार्टनर (हॉस्टेलवरचा रूम पार्टनरही तोच, त्यामुळे त्याच्या तक्रारी मला पाठ आहेत) बॅग खाली ठेवायचीच विसरला. म्हणाला, "म्हणजे युरोपात येऊनही हेच? पैसे मोजलेत ना आपण!"

तर मंडळी, झालं असं की जुलै २०२५ मध्ये आम्हा दोघांचा पेपर अथेन्समधल्या एका विद्यार्थी परिषदेत स्वीकारला गेला. निम्मा खर्च कॉलेजने दिला, उरलेला तीर्थरूपांनी. राहायची सोय आम्हीच नेटवर शोधली. ओमोनिया चौकाजवळ एक टू-स्टार हॉटेल, पाच रात्री. पेपरबद्दल मी लिहिणार नाही, कारण परीक्षकांनी त्यावर काय विचारलं ते इथे न छापलेलंच बरं. लिहायचंय ते हॉटेलबद्दल. "पैसे मोजलेत ना" हे वाक्य पाच दिवसांत इतक्या वेळा कानावर आलं, की शेवटी माझं त्याच्या बरोब्बर उलट मत तयार झालं. हॉटेलच्या सोयी-सुविधा ही फक्त हॉटेलवाल्याने द्यायची आणि आपण उपभोगायची गोष्ट नाही. पाहुण्याकडेही काही कामं असतात. आणि ती कामं जे हॉटेल तोंडावर सांगतं, ते माझ्या लेखी चांगलं हॉटेल.

आता ती पाटी. ती काही आमच्याच हॉटेलची खासियत नव्हती. ग्रीसमध्ये ठिकठिकाणी ती दिसते. अथेन्सचा मधला भाग म्हणजे बहुतेक १९५० ते ७० च्या दशकांत भराभर उठलेल्या काँक्रीटच्या इमारती. जागामालकाने प्लॉट बिल्डरला द्यायचा आणि बदल्यात तयार फ्लॅट घ्यायचे, अशी ती पद्धत. आपल्याकडच्या रिडेव्हलपमेंटची थोरली बहीणच म्हणा ना. त्या काळचे सांडपाण्याचे पाइप अरुंद. कागद अडकला की खालच्या मजल्यावर हाहाकार. सिव्हिलवाल्यांना हे सांगायला नको. पाइप बदलायचे तर भिंती फोडायच्या, भिंती फोडायच्या तर हॉटेल बंद. मग राहतो तो उपाय म्हणजे डबा, रोज तो रिकामा करणारी बाई, आणि पाटी वाचणारा पाहुणा. यातला तिसरा भिडू नसेल तर पहिल्या दोघांचा काहीच उपयोग नाही. (आपल्या मंडळींना तसाही प्रश्न नव्हता. एक रिकामी पाण्याची बाटली आणि लहानपणचे संस्कार!)

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीवरून भांडण. सात वाजता पार्टनर आत गेला आणि दोन मिनिटांत ओरडत बाहेर आला. पाणी कोमट! खाली काउंटरवर मालकीणबाई होत्या. पासष्टीच्या असतील, आम्ही आपसात त्यांना 'आजी' म्हणायचो. त्या शांतपणे आम्हाला लिफ्टने गच्चीवर घेऊन गेल्या. तिथून जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. ॲक्रोपोलिस दिसला हे खरंच, पण त्याच्या अलीकडे जिकडे बघावं तिकडे गच्च्यागच्च्यांवर सोलर हीटर! तिरकं काचेचं पॅनल आणि त्याच्या डोक्यावर आडवी टाकी. पंप नाही, काही नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, गार पाणी खाली येतं. थर्मोसायफन! आपण हे जर्नलमध्ये आकृतीसकट उतरवलंय, बहुतेकांनी शेजारच्याचं बघून. आजी म्हणाल्या, "सकाळी तुम्ही वापरता ते कालचं ऊन. रात्री सगळ्यांनी घेतलं की उरतं ते तेवढंच. संध्याकाळी सहाला अंघोळ करा, चटका बसेल." टाकीत विजेची कॉइल असते, ती त्या गरज पडली तर लावतात. पण जुलैच्या अथेन्समध्ये विजेवर पाणी तापवणं हा त्यांच्या मते वेडेपणा होता, आणि मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हणून मला त्यात खोट काढता आली नाही.

त्या संध्याकाळपासून आम्ही सहाला अंघोळ करू लागलो. पार्टनर कुरकुरत.

याच आजींनी दिलेली एक सेवा कुठल्याही जाहिरातीत नसते. परिषदेला एक दिवस सुट्टी होती आणि आम्ही दुपारी जेवून ॲक्रोपोलिसला निघालो होतो. त्यांनी दारातच अडवलं. उष्णतेच्या लाटेत ॲक्रोपोलिस दुपारी बंद ठेवतात. २०२३ मध्ये असं झालं, २०२४ मध्ये झालं, आणि आम्ही होतो त्या जुलैमध्येही झालं. उन्हात राबणाऱ्या मजुरांचं कामसुद्धा सरकारने त्या दिवसांत दुपारी बारा ते पाच बंद ठेवायला लावलं होतं. "उद्या सकाळी आठला दार उघडतं, तेव्हा जा," आजी म्हणाल्या. नाश्त्याचंही तसंच. पार्टनर शुद्ध शाकाहारी. त्यांनी एक शब्द शिकवला, 'निस्तीसिमो'. म्हणजे उपवासाचं. ग्रीक चर्चच्या उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात, त्यामुळे त्यांच्याकडे उपवासाच्या पदार्थांची मोठी परंपरा आहे. भात भरलेले टोमॅटो, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी, डाळीचं वाटण. कुठल्याही खानावळीत तो शब्द उच्चारला की वेटरचा चेहरा उजळायचा. साबुदाणा मात्र कुठे मिळाला नाही!

ग्रीकमध्ये हॉटेलला म्हणतात 'क्सेनोडोखिओ'. 'क्सेनोस' म्हणजे परका, आणि त्याला जिथे घेतलं जातं ती जागा. जुन्या ग्रीकमध्ये 'क्सेनोस' या एकाच शब्दाचे अर्थ परका, पाहुणा आणि यजमानसुद्धा! आपण 'अतिथी देवो भव' म्हणून मोकळे होतो आणि देव कसा वागतो हे विचारत नाही. ग्रीकांनी ते विचारलं होतं. पाहुण्यांचा रक्षक म्हणून झ्यूसला त्यांनी वेगळं नाव दिलं खरं, पण आतिथ्याचा करार दोन्ही बाजूंना बांधणारा ठेवला. होमरच्या 'ओडिसी'त आधी पाहुण्याला जेवू घालतात, मग नाव-गाव विचारतात. आणि त्याच 'ओडिसी'त शेवटी मारले जातात ते कोण? ओडिसियसच्या गैरहजेरीत त्याच्या घरात ठाण मांडून बसलेले, त्याची गुरंढोरं फस्त करणारे, पेनेलोपीशी लग्नाला टपलेले १०८ जण. म्हणजे वाईट पाहुणेच! फार टोकाची शिक्षा आहे, मान्य. पण मुद्दा लक्षात घ्या.

कारण आज ग्रीसची अवस्था त्या घरासारखीच आहे. लोकसंख्या १ कोटीच्या थोडी वर, आणि २०२४ मध्ये आलेले पर्यटक ४ कोटींच्या वर. त्यातले बरेच अथेन्सला येतातच. हे पाणी कुठून पितात? अथेन्सजवळचं मॅरेथॉन धरण १९२९ साली पूर्ण झालं. संगमरवरानं मढवलेलं धरण, इमॅजिन करा! पण शहर वाढलं तसं तेही पुरेना. मग १९७० च्या दशकाच्या अखेरीस दूर मोर्नोस नदीवर धरण बांधलं. त्याचं पाणी सुमारे १९० किलोमीटरच्या कालव्या-बोगद्यांतून अथेन्सला येतं. नळाचं पाणी थेट पिता येतं, ही अथेन्सच्या हॉटेलांची खरी फाइव्ह-स्टार सुविधा. फक्त ती हॉटेलची नाही. त्या धरणात कालिओ नावाचं गाव बुडालं. २०२४ च्या सप्टेंबरात पाणी इतकं खाली गेलं की त्या गावाची पडकी घरं पुन्हा वर आली. आपल्याकडे उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ दिसतं, तसं. ती बातमी वाचल्यावर अर्धा तास शॉवरखाली उभं राहून "पैसे मोजलेत" म्हणणं जमायला नको. कालिओच्या लोकांना आपण पैसे मोजलेले नाहीत.

पैशांचाच विषय निघालाय तर शेवटच्या दिवसाचा तमाशा सांगतो. आजींनी दहा युरो जादा मागितले. पार्टनर उखडला. बुकिंगला सगळे पैसे भरले होते, हे कसले? तो कर होता. सप्टेंबर २०२३ मध्ये थेसली भागात महापूर आला, त्या उन्हाळ्यात वणवेही पेटले होते. त्यानंतर ग्रीक सरकारने २०२४ पासून हॉटेलच्या प्रत्येक खोलीमागे, प्रत्येक रात्रीचं हवामान-संकट शुल्क लावलं. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या मोसमात वन-टू स्टारला २ युरो, थ्री स्टारला ५, फोरला १० आणि फाइव्ह स्टारला १५. वसुली काउंटरवर, पाहुण्याच्या समोर. पाच रात्रींचे आमचे दहा. पार्टनरचं म्हणणं असं, की हे भाड्यातच धरावं, पाहुण्याला कशाला कळू द्यायचं? मला नेमकं उलट वाटतं. कळलंच पाहिजे! भाड्यात लपवलेला कर म्हणजे मेसच्या बिलात लपवलेला गॅस. सगळे भरतात आणि कुणी शेगडी बारीक करत नाही. फोर-स्टारला पाचपट आकारणी हेही मला पटलं. त्या पैशाचं सरकार पुढे काय करतं यावर लक्ष ठेवावं लागेल, ते तर आपल्याकडच्या सेसबद्दलही खरं आहे.

फोर-स्टारही पाहिलं. परिषदेचं निरोपाचं जेवण एका मोठ्या हॉटेलच्या गच्चीवर होतं. निळाशार तरणतलाव, समोर दिव्यांनी उजळलेला पार्थेनॉन. खोटं कशाला बोलू, झकास वाटलं. पण तिथे पाहुण्याला काहीही कळू नये याची पक्की तजवीज होती. गरम पाणी कुठून येतं, टॉवेल कोण धुतं, कचरा कुठे जातो, काही दिसत नाही. तीच तिथली सेवा. तेव्हा मला कुठेतरी वाचलेला एक किस्सा आठवला. सिंताग्मा चौकातलं ग्रांद ब्रेतान्य हे अथेन्सचं सगळ्यात नावाजलेलं हॉटेल, १८७४ पासूनचं. डिसेंबर १९४४ मध्ये तिथे ब्रिटिशांचं मुख्यालय होतं आणि शहरात लढाई पेटली होती. ऐन नाताळात चर्चिल अथेन्सला आले आणि त्याच सुमारास हॉटेलखालच्या गटारात प्रचंड मोठा स्फोटकांचा साठा सापडला! वरच्या झुंबरांकडे बघणाऱ्यांना खालच्या गटारात काय आहे याचा पत्ता नव्हता. तेव्हा गटार तपासणारे कुणीतरी होते म्हणून ते हॉटेल आज उभं आहे.

कुणी म्हणेल, मग हॉटेल नकोच, घरगुती फ्लॅट भाड्याने घेऊ, स्वस्त पडतं. आम्हीही आधी तेच बघत होतो. पण ॲक्रोपोलिसच्या पायथ्याच्या कुकाकीसारख्या वस्त्यांत पर्यटकांसाठी इतके फ्लॅट गेले, की राहणाऱ्यांना, विशेषतः आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना, भाड्याची घरं मिळेनात. शेवटी २०२५ पासून अथेन्सच्या मधल्या तीन विभागांत अशा फ्लॅटच्या नव्या नोंदणीवर सरकारने बंदी घातली. पुण्यात रूम शोधत फिरलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

इथपर्यंत मी आजींचा वकील. पण एका जागी माझी वकिली संपते. परिषदेत इटलीहून आलेला एक मुलगा व्हीलचेअरवर होता. त्यालाही आमच्याच हॉटेलात यायचं होतं, स्वस्त म्हणून. आजींनी त्याला आधीच प्रामाणिकपणे कळवलं, की लिफ्टचं दार ६० सेंटिमीटर आहे, तुमची खुर्ची जाणार नाही. तो लांबच्या हॉटेलात दुप्पट भाडं भरून राहिला. आता इथे पाहुण्याने काय करायचं? काहीच नाही. पाटी लावून किंवा ईमेल पाठवून हे सुटत नाही. खुद्द ॲक्रोपोलिसच्या कड्यावर २०२० च्या डिसेंबरात नवी लिफ्ट बसवली आणि वर काँक्रीटच्या वाटा केल्या. वाटांवर टीकाही पुष्कळ झाली. पण तो मुलगा पार्थेनॉनसमोर आमच्याबरोबर होता. अडीच हजार वर्षांच्या जुन्या जागेला जमलं, ते साठ वर्षांच्या इमारतीला का जमू नये?

हे मी निघायच्या सकाळी आजींना विचारलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी नाश्त्याच्या टेबलावरचा कागदी रुमाल उलटा केला, पेन पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही इंजिनिअर ना? सांगा." आम्ही दोघं विमानाची वेळ विसरून तासभर त्यावर रेघोट्या मारत होतो. लिफ्टचा खड्डा जिन्याच्या मधोमध. व्हीलचेअरसाठी दार किमान ८० सेंटिमीटर हवं, म्हणजे खड्डा रुंद करायला जिना कापावा लागतो. जिना कापला तर आग लागल्यावर बाहेर पडायची वाट अरुंद होते. मागच्या बाजूने बाहेरून लिफ्ट लावावी तर प्रत्येक मजल्यावरची एक खोली जाते, आणि एकूण खोल्याच फक्त अठरा. पार्टनर म्हणाला, "दर मजल्याला नको, पहिल्या मजल्यापर्यंतच न्या. दोन खोल्या तशा करा." यावर आजी बराच वेळ विचार करत राहिल्या. खर्च किती, ते आम्हाला सांगता आलं नाही.

तो रुमाल माझ्या फाइलमध्ये आहे, मापांसकट. सिव्हिलच्या कुणाला काही सुचलं तर रूमवर या, आजींचा ईमेल देतो.