शेजाऱ्याचे सुतक

मृतांचे स्मरण करण्याच्या आपल्या रीती बव्हंशी रक्ताच्या नात्यावर उभारलेल्या आहेत. सुतक किती दिवस पाळावयाचे हे सपिंड, समानोदक, सगोत्र अशा पायऱ्यांनी ठरते. वर्षश्राद्ध मुलगा करतो. महालयात पितरांबरोबर गुरू, शिष्य, मित्र आणि आप्त यांचाही उच्चार होतो. पण भिंतीपलीकडे चाळीस वर्षे राहिलेल्या माणसाला त्या मालिकेत स्वतःचे असे स्थान नाही. शेजाऱ्यासाठी धर्मनिबंधकारांनी ठेवले आहे ते एवढेच, की गावात प्रेत असेपर्यंत सगळ्या गावाला अशौच, आणि ते बाहेर नेले की गाव शुद्ध. नियम प्रथमदर्शनी कोरडा वाटतो, परंतु त्यात एक मार्मिक जाण आहे. आप्ताचे दुःख देहाबरोबर कोठेही जाते. शेजाऱ्याचे दुःख जागेला बांधलेले असते. मग ती जागाच नाहीशी झाली, तर त्या दुःखाचे आणि स्मरणाचे काय व्हावे, हा प्रश्न आज मुंबईच्या जुन्या चाळींच्या संदर्भात केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

शास्त्राने जे सोडून दिले ते रूढीने उचलले, हे मात्र मान्य करावयास हवे. मृताच्या घरी चूल पेटत नाही. म्हणून शेजारची पेटते, आणि स्मशानातून परतलेल्यांसाठी पिठलेभात येतो तो शेजारून. तिरडी बांधण्यात वाकबगार असा एखादा माणूस प्रत्येक चाळीत असे, व त्याला बोलावणे पाठवावे लागत नसे. जिन्यापाशी टांगलेल्या फळ्यावर खडूने नाव, खोलीचा क्रमांक आणि अंत्ययात्रेची वेळ लिहिली जाई. दिवसभर कोणी रेडिओ लावीत नसे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय बहुधा शोकप्रस्तावाचा असतो. तो दोन मिनिटांत आटोपतो हे खरे, पण निदान नावे वाचली जातात. अहमदाबादच्या पोळांत आणि बंगळूरच्या वठारांत राहिलेल्या वाचकांना यांतले पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

फळा मात्र दुसऱ्या दिवशी पुसला जातो. शेजारधर्माच्या स्मृतीचे हेच वैगुण्य आहे. ती लिखित नाही. जोवर समोरच्या दाराकडे पाहणारे कोणी आहे तोवरच ती टिकते.

बी. डी. डी. चाळींचे उदाहरण घेऊ. मुंबई सरकारने १९२० साली स्थापन केलेल्या विकास खात्याने त्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे काँक्रीटच्या दोनशेहून अधिक चाळी उभारल्या. तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. गिरगावच्या चाळींप्रमाणे येथे उघडी गॅलरी नाही; मधून एक अंधारा बोळ आणि दोहों बाजूंस समोरासमोर दारे. या रचनेमुळे एका खोलीतील आजारपण समोरच्या खोलीपासून लपत नसे, आणि मरणही नाही. या चाळींच्या जागी आता उत्तुंग इमारती उभ्या राहत आहेत. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. याबद्दल हळहळण्याचे मला कारण दिसत नाही. सामाईक शौचालयापुढच्या रांगेला संस्कृती म्हणून गौरविण्याची चैन ज्यांना त्या रांगेत कधी उभे राहावे लागले नाही त्यांनाच परवडते.

पण पुनर्विकासाच्या कागदपत्रांत मृतांची जी हजेरी लागते ती विचार करावयास लावणारी आहे. मूळ भाडेकरू मयत असल्यास त्याचा मृत्युदाखला, वारसांची कागदपत्रे, भाडेपावत्या यांच्या आधारे पात्रता ठरते. म्हणजे शासनदप्तरी मृत मनुष्य उरतो तो खोलीवरील हक्काचा पूर्वीचा धारक म्हणून. हे चुकीचे नाही. दप्तराचे काम तेच आहे. तथापि ज्यांच्या नावावर खोली नव्हती त्यांना या दप्तरात जागाच नाही, आणि गिरणगावात असे लोक थोडेथोडके नव्हते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांच्या गावोगावच्या बैठकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत पाळीपाळीने वीस-तीस माणसे निजत, ट्रंका भिंतीला लावलेल्या असत, आणि त्यांतला एखादा वारला तर गावकीच्या फंडातून खर्च होई, गावी तार जाई. पावतीवर नाव एकाचेच. तीच गोष्ट खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांची. पंधरा-वीस पुरुषांना दोन वेळा जेवू घालणारी बाई आयुष्यभर चाळीला ठाऊक असे, पण कागदावर ती असलीच तर कोणाची तरी पत्नी वा विधवा म्हणून. तिचे नाव आज सांगू शकेल असा माणूस बहुधा तिच्या कुटुंबातला नसून समोरच्या खोलीतला असतो.

आणखी एक गोष्ट केवळ शेजाऱ्यालाच ठाऊक असते, ती म्हणजे माणूस कशाने मेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुष्कळांना पुन्हा काम मिळालेच नाही. त्यानंतरच्या वर्षांत जे गेले त्यांच्या मृत्युदाखल्यांवर कोणता ना कोणता रोग लिहिलेला असणार. परंतु हा माणूस संपानंतर कसा बोलेनासा झाला, त्याने आधी घड्याळ आणि मग बायकोचे डोरले कसे विकले, व्यसन कधी लागले, हे मृत्युदाखला सांगत नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखती घेऊन सिद्ध केलेला ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मोल फार मोठे आहे. मात्र तो बोलू शकणाऱ्या जिवंत माणसांचा इतिहास आहे. मृतांची खोलीवार नोंद हे निराळे काम असून ते कोणी हाती घेतल्याचे दिसत नाही. साहित्याकडे बोट दाखविले जाईल. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) एक मध्यमवर्गीय चाळ मराठी मनात कायमची वसविली हे खरेच, पण तेथील बिऱ्हाडकरू कल्पित होते.

या स्मरणाला गोड रंग देण्याचे मात्र टाळले पाहिजे. याच वरळीच्या चाळींत जानेवारी १९७४ मध्ये दंगल पेटली. दलित पँथरचे तरुण आणि त्यांचे विरोधक यांच्यामधील सीमा चाळीचाळींमधून गेली. १० जानेवारीला मोर्चात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव यांचा प्राण घेतला. त्यांचे स्मरण चळवळीने ठेवले. शेजाराने ते ठेवले असे म्हणता येणार नाही. कोणाच्या तिरडीला कोणी खांदा दिला आणि कोणी दार लावून घेतले, हाही शेजारस्मृतीचा भाग आहे, आणि नोंद करावयाची तर ही पानेही कोरी ठेवून चालणार नाही.

नव्या इमारतीत हे सारे आपोआप चालू राहील, अशी आशा काहीजण बाळगतात. तेथे बातमी मोबाइलवर क्षणात पोचते आणि हात जोडल्याची शंभर चिन्हे तिच्याखाली गोळा होतात. नाक्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लागतो, त्यावर मृतापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्या कार्यकर्त्यांची छायाचित्रे अधिक असतात, पण तो विषय वेगळा. खरी अडचण याहून साधी आहे. नव्या इमारतीतील घरे सोडतीने ठरतात. पन्नास वर्षे समोरासमोर राहिलेली दोन कुटुंबे एक सहाव्या आणि एक एकतिसाव्या मजल्यावर जातात, आणि ज्या दाराकडे पाहून नाव आठवावयाचे ते दार राहत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की चाळ रिकामी होण्यापूर्वी, आणि जेथे ती झाली असेल तेथे संक्रमण शिबिरांत जाऊन, प्रत्येक चाळीची एक वही तयार व्हावी. हे काम म्हाडाचे नव्हे. रहिवाशांच्या समित्यांचे, आणि त्यांना हाताशी धरून विद्यापीठांतील भाषा व समाजशास्त्र विभागांचे आहे. आपल्या विभागांतून दरवर्षी निघणाऱ्या लघुप्रबंधांपैकी काही या कामी लागले, तर ते कपाटांत पडून राहण्यापेक्षा बरे. वही वर्णानुक्रमाने नको, खोलीच्या क्रमाने हवी. नाव, चाळीत कोणत्या नावाने ओळखत ते, गाव, काम, वर्ष आठवत असल्यास वर्ष. आणि सांगणाऱ्याचेही नाव व खोली. कुटुंबाची हरकत असेल तेथे मजकूर वगळावा, नाव राहू द्यावे. ज्यांच्याकडून हे मिळावयाचे ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना मृतांविषयी एकदम विचारू नये. तुमच्या समोरच्या खोलीत कोण कोण राहून गेले, एवढे विचारून वही उघडावी.