नाडी कोणाची पाहता?

येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याने पूर्णेचे पाणी अडवले, ९३४ दशलक्ष घनमीटरांचा साठा उभा केला, पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजकेंद्र चालवले आणि परभणी, जिंतूर, वसमतच्या घशाची कोरड आजवर भागवली. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांनी त्याची किंमत मोजली, ज्यांनी कर भरला त्यांनी त्याचा खर्च उचलला, आणि लोकांची तहान भागवणे हे राज्याचे कर्तव्य आहे, याबद्दल त्या काळी कोणालाही कसली शंका आली नाही. या धरणाचा शेअर कोणी विकत घेतला नव्हता. पाणी मात्र सगळ्यांनी प्यायले.

त्याच धरणाच्या भिंतीखाली, वसाहतीच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर, आज काय बोलले जाते ते कान देऊन ऐकावे. हातातल्या मोबाइलवर हिरव्या-तांबड्या आकड्यांची रांग सरकत असते. कोणी विचारतो, ‘आयपीओ लागला का?’ कोणी सांगतो, ‘हॉस्पिटलवाला शेअर होल्ड कर, आजारपण काही थांबत नसतं’. तिसरा खाली आलेल्या भावात आणखी चार शेअर घेऊन ‘ॲव्हरेज’ करण्याचा सल्ला देतो. आणि कशीबशी पदवी पदरात पडलेली, नोकरीची वाट पाहून डोळे शिणलेली ही पोरे तपासणी केंद्रांचा विस्तार, खाटांची भरती आणि तिमाहीचा नफा यांवर अशा अधिकाराने बोलतात की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावे. रुग्णाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

या पोरांवर आमचा राग नाही. मार्च २०२० मध्ये देशात जेमतेम चार कोटी डिमॅट खाती होती, ती २०२५ मध्ये वीस कोटींवर गेली. कापसाने दगा दिला, सोयाबीनने भाव दिला नाही, सरकारी भरतीची जाहिरात निघाली तर परीक्षा होईना आणि परीक्षा झाली तर निकाल लागेना, अशा अवस्थेत चार पैसे बाजारात टाकून पाहणाऱ्याला जुगारी म्हणून हिणवण्याचा अधिकार आरामखुर्चीतल्या उपदेशकांना कोणी दिला? कष्टाचा पैसा कोठे गुंतवावा हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचा प्रश्न वेगळा आहे. आजाराला भांडवल समजून त्याच्या भावाची चर्चा करणारा समाज आजाऱ्याची चर्चा करायला कधीपासून विसरला?

उदाहरण दूरचे नको, पुण्याचेच घ्या. सरकारी रुग्णालयांच्या आवारात निविदा घेऊन क्ष-किरण, सिटी स्कॅन, रक्ततपासणी अशी केंद्रे चालवणारी कृष्णा डायग्नोस्टिक्स ही कंपनी ऑगस्ट २०२१ मध्ये बाजारात उतरली. शेअरची वरची किंमत ९५४ रुपये; विक्री सुमारे १,२०० कोटींची; मागणी चौसष्ट पट. त्या बाराशे कोटींतले नव्या भागविक्रीचे होते ४०० कोटी, म्हणजे महाराष्ट्रासह चार राज्यांत नवी केंद्रे उभारण्यासारख्या कामांना पैसा मिळायचा तो एवढ्यातूनच. उरलेला दोन तृतीयांश हिस्सा आधीपासूनच्या गुंतवणूकदारांनी आपले शेअर विकून घरी नेला. यात बेकायदा काहीही नाही, आणि खासगी बाजारापेक्षा कमी दरात गरिबाची तपासणी होत असेल तर त्याचे श्रेय नाकारण्याइतके आम्ही आंधळे नाही. पण कंपनीचा धंदा ज्या पायावर उभा आहे तो पाया तरी ओळखा! सरकारी दवाखान्यात यंत्र नाही, यंत्र आहे तर तंत्रज्ञ नाही, तंत्रज्ञ आहे तर अहवाल लिहिणारा डॉक्टर नाही, आणि हे तिन्ही नेमण्याची सरकारची इच्छा नाही, हीच त्या धंद्याची सुपीक जमीन. म्हणून गुंतवणूकदार विचारतो ते एवढेच की निविदा पुढच्या वर्षी टिकेल का आणि सरकारकडचे बिल किती दिवसांनी सुटेल. सरकारने पैसे थकवले तर त्याच्या पोटात गोळा येतो. सरकारने डॉक्टर थकवला, औषध थकवले, माणूस थकवला, तर त्याचे कोणाला काय!

मोठ्या रुग्णालयांची गोष्ट तर याहून बोलकी. पुण्यात एका मराठी शल्यचिकित्सकाने उभारलेले ‘सह्याद्री’ २०१९ मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूक संस्थेकडे गेले, २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने ते विकत घेतले, आणि २०२५ मध्ये मणिपाल समूहाने सुमारे ६,४०० कोटींचा सौदा करून ते आपल्या पंखाखाली घेतले. सहा वर्षांत तीन मालक! ओंटारियोतल्या निवृत्त शिक्षकाचे म्हातारपण सुखात जावे म्हणून पुण्यात कोणाच्या तरी पोटावर शस्त्रक्रिया होते, हे अर्थशास्त्र आम्हांलाही कळते. कळत नाही ते एवढेच, की भरलेल्या एका खाटेमागे दिवसाला किती रुपये सुटले यावरून रुग्णालयाची प्रतवारी लावणारा हा बाजार, खाट लवकर रिकामी व्हावी म्हणून धडपडणाऱ्या डॉक्टरला उद्या कोणत्या नजरेने पाहील? रुग्ण बरा होऊन तिसऱ्या दिवशी घरी गेला, ही बातमी शेअरच्या भावाला मानवेल काय?

पण येलदरीच्या माणसाला या रुग्णालयांच्या पायऱ्याही दिसत नाहीत. रानात काम करताना पायाला साप डसला की त्याची यात्रा सुरू होते ती अशी: आधी जवळचे उपकेंद्र, तेथून जिंतूर, जिंतुरात ‘पुढे न्या’, लांबचा रस्ता तुडवत परभणी, परभणीत केस बिघडली तर पुन्हा ‘रेफर’, आणि तेथून नांदेड. पायाला करकचून दोरी बांधलेली, बायको जीपच्या मागच्या फळीवर त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलेली, भाऊ फोनवर कोणाकडे तरी दहा हजार मागत असलेला. आणि विष मात्र कोणाच्या परवानगीची वाट न पाहता वर चढत असलेले. उपकेंद्राच्या फ्रीजमध्ये लस आहे का, तो फ्रीज चालू आहे का, वीज गेली तर काय, हे निघण्यापूर्वी त्याला कोणी सांगत नाही. मोबाइलवर कंपनीचा भाव मात्र क्षणाक्षणाला कळतो.

आणि त्या यात्रेचे शेवटचे ठिकाण कसे होते? नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ऑक्टोबर २०२३ उजाडताना तेथे चोवीस तासांत चोवीस माणसे दगावली, त्यांत बारा नवजात बालके होती. अठ्ठेचाळीस तासांत आकडा एकतीसवर गेला. औषधांचा तुटवडा, अपुरे मनुष्यबळ, क्षमतेपलीकडे आलेले रुग्ण, सगळी कारणे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवण्यात आली, ती घडी बसेना म्हणून २०२३ मध्ये नवे प्राधिकरण जन्माला घातले गेले, आणि या फायलींच्या फेऱ्यांत नळीतून द्यायचे औषध अडकून पडले तर त्याचा जाब कोणी द्यायचा, हे कोणत्याच शासन निर्णयात लिहिलेले नव्हते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी काय केले? रुग्णालयात जाऊन अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले, कॅमेऱ्यासमोर. ज्या सत्तेच्या बाकावर बसून डॉक्टर नेमायचा, औषधाला पैसा मंजूर करायचा, त्या सत्तेचा प्रतिनिधी संडासाची फरशी पाहून संतापतो आणि मंत्रालयाची फरशी मात्र चाटतो! बारा बालकांच्या मृत्यूवर हा उतारा. थूः!

कोणी म्हणेल, सरकारपाशी पैसा नाही. खोटे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने शपथेवर सांगितले होते की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ चा सरकारी हिशेबच सांगतो की करोनासारखे महासंकट अंगावर असतानाही तो दोन टक्क्यांना टेकला नाही, आणि देशाच्या आरोग्यखर्चातला ३९ टक्क्यांहून अधिक भाग त्या वर्षी रुग्णाच्या खिशातून, म्हणजे मंगळसूत्र गहाण टाकून, म्हैस विकून, सावकाराच्या उंबऱ्यावर डोके टेकून भरला गेला. महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव दिलेल्या जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली, याचे फलक चौकाचौकांत झळकले. पण विम्याचे कार्ड हातात असून खाट तालुक्याला नसेल, शहरात असेल, तर तो पैसा अखेर शहरातल्या रुग्णालयाच्या ताळेबंदातच जमा व्हायचा. दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांना मानवंदना देऊन मराठवाड्याच्या अनुशेषावर गळा काढणारे पुढारी दांडेकर समितीपासून तेच आकडे घोळवत आले आहेत. परभणीला वैद्यकीय महाविद्यालय हवे म्हणून २०२१ मध्ये सामान्य माणसाला रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा कोठे २०२३ मध्ये शंभर जागांचे महाविद्यालय उघडले. जे न मागता मिळायला हवे होते ते आंदोलन करून मिळाले, आणि त्याचेही श्रेय घ्यायला झुंबड उडाली.

पण सरकारला झोडपून आम्ही थांबणार नाही, कारण या पापात वाटेकरी आणखीही आहेत. तुम्ही आहात. कंपनीत दहा शेअर असलेला माणूस तिमाही निकालाच्या रात्री जागतो, संचालक मंडळावर कोण आले आणि कोण गेले याचा मागोवा ठेवतो, लाभांश दोन रुपयांनी घटला तर शिव्याशाप देतो. आणि ज्या आरोग्य केंद्राचा तो जन्मजात मालक आहे, त्याच्या रुग्ण कल्याण समितीत कोण बसतात हे त्याच्या बापालाही ठाऊक नसते! ही समिती २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने दिली. तिच्याकडे निधी असतो, तिने बैठका घ्यायच्या असतात, खर्च मांडायचा असतो. गेल्या वर्षी तुमच्या केंद्राच्या समितीची बैठक किती वेळा झाली? झाली, की सह्या घरपोच गोळा झाल्या? २००७ मध्ये याच महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि मराठवाड्यातून तेव्हाचे उस्मानाबाद या जिल्ह्यांत गावकऱ्यांनी स्वतः दवाखान्याची तपासणी करून हिरवा, पिवळा, लाल असा शेरा दिला; जनसुनावणीत निरक्षर बायांनी उभे राहून वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारले की बाहेरून औषध आणायची चिठ्ठी का दिली, आणि अधिकाऱ्याला मांडवात सर्वांदेखत उत्तर द्यावे लागले. त्या बायांपाशी डिमॅट खाते नव्हते. हिशेब मागण्याची हिंमत होती.

खासगी दवाखान्याबद्दलही हीच निद्रा. दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावलीच पाहिजे, असा राज्याचा २०२१ चा नियम आहे. जिंतुरात, परभणीत किती भिंतींवर ते पत्रक तुम्ही पाहिले? नसेल दिसले तर ‘डॉक्टरसाहेब, दर कुठे लिहिलेत?’ एवढे चार शब्द उच्चारायला तुमची जीभ का जड होते? शेअर घेण्यापूर्वी कंपनीची कुंडली मांडणारा माणूस आईला खाटेवर टाकताना डोळे मिटून कोऱ्या कागदावर सही करतो.

म्हणून आमची मागणी. परभणी जिल्हा परिषदेने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि उपकेंद्राच्या भिंतीवर तीन गोष्टी ठळक अक्षरांत लावाव्यात आणि दर सोमवारी बदलाव्यात: साप चावल्यावरच्या लसीच्या कुप्या किती शिल्लक, मंजूर पदे किती आणि आज हजर कोण, रुग्ण कल्याण समितीचा निधी किती आला आणि कोठे गेला. यास पैसा लागत नाही, निविदा लागत नाही, मंत्रिमंडळाचा ठरावही लागत नाही. खडू आणि फळा लागतो. जिल्हा परिषद हे करणार नसेल तर येलदरीच्या, चारठाण्याच्या, बोरीच्या ग्रामसभांनी ठराव करून लेखी मागावे, मुदत द्यावी, आणि मुदत उलटताच टपरीवर बसणाऱ्या त्याच पोरांनी, निकालाच्या आकड्यांत ज्यांची नजर इतकी तयार झाली आहे त्याच पोरांनी, साठ्याची नोंदवही आणि फ्रीजमधल्या कुप्या एकासमोर एक ठेवून मोजाव्यात. आकडा जुळला नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला तेथेच बोलवावे. तो येईपर्यंत उठू नये.