गड्यांना दिलेली ताकीद



परवा तरुण संघाच्या मुलांनी एक जुना इंग्रजी विनोदी सिनेमा लावला आणि मलाही बसवलं. 'मॉबस्टर्स अँड मॉर्मन्स', २००५ सालचा. न्यू जर्सीच्या गुन्हेगारी टोळीतला एक माणूस. सरकार त्याला जिवाच्या भीतीमुळे कुटुंबासह यूटामध्ये नेऊन लपवतं. आजूबाजूला सगळे मॉर्मन. (त्यांची शिकवण आपल्याला मान्य नाही, पण तो आजचा विषय नव्हे.) तिथली रीत त्याला कळत नाही आणि मुलं पोट धरून हसतात. मला मात्र हसू येईना.

गेल्या पावसाळ्यात कलबुर्गीहून बदलीवर आलेलं एक कुटुंब आमच्या उपासनेला येत होतं. घरची भाषा कन्नड, मराठी तोडकीमोडकी. त्या ताईंना गीताचं पान सापडेना, तरी शेजारच्या बाकावरून कुणी पुस्तक पुढे केलं नाही. मीही अर्पण मोजायच्या गडबडीत होतो. उपासना सुटल्यावर चहा दिला, आणि चहाबरोबर प्रश्न: "मूळचे कुठले? आडनाव काय?" आडनावावरून आपण काय ताडतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, उगाच भोळेपणाचं सोंग नको. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात धुतली गेली म्हणतो आणि मंडळीच्या दारातच ती विचारतो! चौथ्या रविवारी ते आले नाहीत. आपण म्हणालो, "रमले नाहीत हो."

रमले नाहीत? की आपण रमू दिलं नाही?

आपण बीदर जिल्ह्याची माणसं. १९५६ साली उदगीर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी इकडे राहिले. घराची वीटही न हलवता आपण सरकारी कचेरीत परके झालो. खिडकीतून "कन्नड बरुत्ता?" असं कुणी विचारलं की आजही बोचतं. हे सोसलेल्यांनी तरी असं वागू नये.

"नव्याने आलेल्याने आपली रीत शिकावी," असं वडील मंडळी म्हणतात. मग रूथचं पुस्तक पुन्हा उघडा. सातूच्या शेतात मवाबी विधवा सरवा वेचायला आली. बवाजाने तिला रीत शिकवत बसण्याऐवजी ताकीद दिली ती आपल्या गड्यांना. तिला हिणवू नका, उलट पेंढ्यांतून मुद्दाम कणसं गळू द्या. वळण लावायचं होतं ते घरच्या माणसांना.

लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. 'स्मृतिचित्रे'त त्या स्वतःच्या सोवळ्याओवळ्याची किती मोकळेपणाने थट्टा करतात! बाहेरून आलेली बाई स्वतःवर हसली. आपण पिढीजात ख्रिस्ती, आपण स्वतःवर कधी हसलो?

त्या कुटुंबाचं घर मला माहीत आहे. शनिवारी संध्याकाळी गीताचं पुस्तक घेऊन जातो आहे, माफीही मागायची आहे. कन्नड मला नीट येत नाही. ज्यांना येतं, त्यांपैकी कोण सोबत येतं?