विश्लेषण : एकाला झोप येईना, दुसऱ्याला झोप आवरेना... कमी बजेटच्या भयपटांवर प्रेक्षकांची मतं इतकी टोकाची का?

एखादा कमी खर्चातला भुताखेतांचा चित्रपट येतो. पाहून आलेला एक मित्र सांगतो, दोन रात्री दिवा लावून झोपलो. दुसरा म्हणतो, तिकिटाचे पैसे वाया गेले, शेवटपर्यंत काही दिसलंच नाही. दोघांनी पाहिलेला चित्रपट मात्र एकच असतो. प्रेमकथा किंवा विनोदी चित्रपटांच्या बाबतीत इतकी टोकाची फूट क्वचितच पडते. भयपटांच्या बाबतीतच असं का घडतं? या फाटाफुटीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे १९९९ मधला अमेरिकी चित्रपट ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’.

नेमकं काय होतं या चित्रपटात?

तीन तरुण विद्यार्थी एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करण्यासाठी मेरीलँडच्या जंगलात जातात आणि बेपत्ता होतात. वर्षभरानं त्यांनी केलेलं चित्रीकरण सापडतं आणि तेच आपण पाहतो आहोत, अशी या चित्रपटाची मांडणी. दिग्दर्शक होते डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ. कॅमेरा कलाकारांच्याच हातात दिला होता. संवाद बहुतांशी त्यांनी जागच्या जागी रचले. रोजच्या सूचना चिठ्ठ्यांमधून मिळत, दिवसागणिक खाणं कमी केलं जाई आणि रात्री दिग्दर्शकांची मंडळी येऊन त्यांचा तंबू हलवत असे.

शूटिंगचा मूळ खर्च साधारण ३५ ते ६० हजार डॉलर असल्याचं सांगितलं जातं. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात ‘आर्टिझन’ या कंपनीनं चित्रपट सुमारे ११ लाख डॉलरना विकत घेतला. जगभरातली कमाई जवळपास २५ कोटी डॉलरपर्यंत पोहोचली. चेटकीण मात्र पडद्यावर एकदाही दिसत नाही.

मग प्रेक्षक का चिडले?

समीक्षकांनी चित्रपट मोठ्या प्रमाणावर उचलून धरला. रॉजर एबर्ट यांनी तर चारपैकी चार तारे दिले. पण पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून ‘सिनेमास्कोअर’नं घेतलेली श्रेणी होती ‘सी प्लस’. वर्षअखेरीच्या वाईट चित्रपटांच्या ‘रॅझी’ पुरस्कारांत त्याला नामांकन मिळालं, तर स्वतंत्र चित्रपटांच्या ‘स्पिरिट’ पुरस्कारांत कमी खर्चातल्या पहिल्या चित्रपटाचा सन्मान. एकाच चित्रपटाला एकाच हंगामात दोन्ही!

याचं एक कारण चित्रपटात नाही, तर त्याच्या प्रसिद्धीत आहे. इंटरनेट नवं असताना या चित्रपटासाठी एक संकेतस्थळ तयार केलं गेलं. त्यावर घटना खरी असल्यासारखी माहिती होती. कलाकारांचे ‘बेपत्ता’ म्हणून फलक लागले. पात्रांना कलाकारांचीच खरी नावं दिलेली होती. त्यामुळे सुरुवातीच्या मोजक्या चित्रपटगृहांत गेलेल्या अनेकांना आपण खरोखरचं काहीतरी पाहतो आहोत असं वाटत होतं. दोन-तीन आठवड्यांनी चित्रपट देशभर लागला, तोवर ‘आजवरचा सर्वांत भीतीदायक चित्रपट’ असा बोलबाला झाला होता. नंतर आलेल्या प्रेक्षकानं चित्रपट त्या अपेक्षेशी ताडून पाहिला. पदरी पडला हलणारा कॅमेरा, भांडणारी तीन माणसं आणि झाडंच झाडं. काहींना तर हलत्या दृश्यांमुळे मळमळलं.

म्हणजे दोन्ही गटांचं मत प्रामाणिकच होतं. फक्त ते केवळ चित्रपटावर नव्हतं, तर चित्रपट आणि दिलेला शब्द यांतल्या अंतरावर होतं.

‘सिनेमास्कोअर’ नेमकं काय मोजतो?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ही कंपनी अमेरिकेत प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी चित्रपटगृहाबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून कार्ड भरून घेते आणि ‘ए प्लस’ ते ‘एफ’ अशी श्रेणी देते. पहिल्या दिवशी जाणारा माणूस मुळात उत्सुक असतो. जाहिरात पाहून, मनाशी काहीतरी ठरवून आलेला असतो. म्हणून ही श्रेणी चित्रपट किती चांगला यापेक्षा ‘जे हवं होतं ते मिळालं का’ हे अधिक सांगते.

भयपट या परीक्षेत वारंवार अडखळतात. २०१८ च्या ‘हेरेडिटरी’ची समीक्षकांनी वाखाणणी केली, प्रेक्षकांची श्रेणी आली ‘डी प्लस’. उलट बाजूही आहे. २०१२ चा ‘द डेव्हिल इन्साइड’ सुमारे १० लाख डॉलरमध्ये तयार झाला. पहिल्या तीन दिवसांतच त्यानं तीन कोटी डॉलरहून अधिक कमावले. पण शेवट अर्धवट सोडून ‘पुढची माहिती संकेतस्थळावर पाहा’ असं पडद्यावर झळकलं आणि प्रेक्षकांचा संयम सुटला. श्रेणी मिळाली थेट ‘एफ’ आणि दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली. तिथला राग सौंदर्यदृष्टीचा नव्हता, फसवणुकीचा होता. कमी श्रेणी पाहिली की ती या दोनपैकी कोणत्या प्रकारची, हे आधी विचारायला हवं.

काही दिसतच नाही, मग भीती कसली?

पैसे नसले की भूत दाखवता येत नाही. दाखवलं तर मुखवटा आणि रंगरंगोटी उघडी पडते, हे रामसे बंधूंचे चित्रपट पाहिलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. म्हणून कमी बजेटचे दिग्दर्शक आवाज, अंधार आणि वाट पाहायला लावणं यांवर भर देतात.

ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ सॅन दिएगोतल्या स्वतःच्या घरात आठवडाभरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला. त्यातली भीती एका स्थिर कॅमेऱ्यातून येते. झोपलेलं जोडपं, उघडं दार आणि कोपऱ्यात पुढे सरकणारं घड्याळ. आता काय हलणार, हे प्रेक्षकच चौकटभर शोधत राहतो. कॅनडाच्या काइल एडवर्ड बॉल यांनी तेवढ्याच खर्चात, बालपणीच्या घरात केलेला ‘स्किनामारिंक’ तर आणखी पुढे जातो. त्यात माणसांचे चेहरेही क्वचित दिसतात, दिसतात ते छत, भिंती आणि टीव्हीचा उजेड. काहींना त्यात लहानपणीची रात्रीची भीती जशीच्या तशी सापडली, काहींना पावणेदोन तास भिंतच पाहिल्यासारखं वाटलं.

असे चित्रपट अर्धं काम प्रेक्षकावर सोपवतात. अंधाऱ्या सभागृहात, श्वास रोखलेल्या गर्दीत ते काम आपोआप होतं. दुपारी, उजेडात, मोबाइलवर मधेमधे मेसेज पाहत ते होत नाही. त्यामुळे ‘कुठे आणि कसा पाहिला’ हे कळल्याशिवाय भयपटावरचं मत अपुरंच राहतं.

आपल्याकडे काय चित्र आहे?

मराठीत २०१७ मध्ये विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ आला. उसाच्या शेतातलं एकाकी घर, गरोदर बाई आणि पोरांचे आवाज. ऊस आपल्या रोजच्या पाहण्यातला, म्हणूनच त्यात वाट चुकण्याची कल्पना अंगावर येते. शिवाय त्यातलं भूत स्त्रीभ्रूणहत्येपर्यंत जाऊन पोहोचतं. पुढे फुरिया यांनीच त्यावरून हिंदीत ‘छोरी’ केला.

‘तुंबाड’ काही हजारांत झालेला चित्रपट नव्हे, पण मत कसं बदलतं हे तो दाखवतो. २०१८ मध्ये चित्रपटगृहांत बेताचाच प्रतिसाद मिळालेला हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. चित्रपट तोच होता. मधल्या काळात लोकांनी तो घरी पाहिला, एकमेकांना सांगितला आणि दुसऱ्यांदा येणाऱ्यांना आपण काय पाहणार आहोत हे ठाऊक होतं.

प्रेक्षकांच्या रागाची किंमत कोण मोजतं?

‘ब्लेअर विच’मधल्या तिघांची गोष्ट इथे महत्त्वाची ठरते. मुलगी खरंच गेली असं समजून हेदर डोनाह्यू यांच्या आईकडे सांत्वनाची पत्रं आली. चित्रपट चालला, पण सर्वांत वाईट अभिनेत्रीची ‘रॅझी’ हेदर यांनाच मिळाली. उपाशीपोटी, थंडीत, स्वतःच्या नावानं त्या जे घाबरल्या, ते लोकांना एकतर खरं वाटलं किंवा किरकिरं. दोन्ही वेळा अभिनयाचं श्रेय गेलं. पुढे त्यांनी नावच बदललं.

एप्रिल २०२४ मध्ये, नव्या ‘ब्लेअर विच’ची घोषणा झाल्यावर, तिघांनी हक्कधारक ‘लायन्सगेट’ला जाहीर पत्र लिहिलं. कलाकारांच्या संघटनेच्या नियमानं मिळाला असता तसा मोबदला द्या, पुढच्या चित्रपटांत आमचं नाव-चेहरा वापरताना आम्हाला विचारा आणि नवोदित दिग्दर्शकाला दरवर्षी ६० हजार डॉलरचं अनुदान द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. हा आकडा मूळ चित्रपटाच्या बजेटचा.

थोडक्यात, ‘भीती वाटली नाही’ हे मत चुकीचं कधीच नसतं, कारण भीती कुणाला पटवून देता येत नाही. पण ते वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : सांगणाऱ्यानं काय अपेक्षेनं तिकीट काढलं, कुठे बसून चित्रपट पाहिला आणि त्याचा राग चित्रपटावर आहे की जाहिरातीवर. राग जाहिरातीवर असेल, तर तो कॅमेऱ्यासमोर रडणाऱ्या मुलीवर काढण्यात अर्थ नाही.