लोकलमधून पडून गेलेल्यांचा दावा रेल्वेनेच न्यायाधिकरणाकडे पाठवावा

२०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २,५९० माणसं गेली. दिवसाला सात. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेतून हा आकडा पुढे आला, तेव्हा न्यायालयाने रेल्वेला कठोर शब्दांत सुनावलं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारातले प्रवासी खाली पडले आणि पुन्हा काही दिवस दरवाजे, डबे, गर्दी यांवर चर्चा झाली. ती हवीच. पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्या हक्काबद्दल फारसं कोणी बोललं नाही. माझं म्हणणं त्याबद्दल आहे.

१. कायदा घरच्यांच्या बाजूने आहे, हे आधी सगळ्यांना कळलं पाहिजे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १२४-अ नुसार प्रवासी गाडीतून अपघाताने पडून मेला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. अपवाद मोजके आहेत : आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेडाच्या भरातलं कृत्य, आणि आजारपणाने आलेला मृत्यू. ‘दारात लटकत होता, त्याचीच चूक’ हे कारण या यादीत नाही. उघड्या दारात उभं राहणं फार तर निष्काळजीपणा ठरेल, गुन्हेगारी कृत्य नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं. चढता-उतरताना पडणंही भरपाईत बसतं. तरीही फलाटावर, पोलीस चौकीत, नातेवाइकांतसुद्धा ‘आता काही मिळणार नाही’ हेच पहिलं वाक्य ऐकू येतं आणि कितीतरी घरं तिथेच थांबतात.

२. सगळ्यात जास्त छळ होतो तो तिकिटावरून. पास पाकिटात असतो आणि पाकीट रुळांवर कुठेतरी पडलेलं असतं. पास मोबाइलवर असेल तर मोबाइल फुटलेला, नाहीतर लॉक झालेला. पंचनाम्यात ‘तिकीट मिळून आले नाही’ एवढी एक ओळ येते आणि त्या ओळीच्या आधारावर माणूस प्रवासीच नव्हता असा बचाव उभा राहतो. ९ मे २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट मार्ग दिला : तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, वारसांनी वस्तुस्थितीचं शपथपत्र दिलं की उलट सिद्ध करण्याचा भार रेल्वेवर जातो. मोबाइलवर काढलेल्या पासाची नोंद रेल्वेच्याच यंत्रणेत असते. ती रेल्वेनेच तपासून रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढे ठेवावी. नवरा गेलेल्या बाईला पासाची झेरॉक्स शोधत फिरायला लावणं हा अन्याय आहे.

३. रस्त्यावर अपघात झाला तर काय होतं पाहा. २०२२ च्या मोटार वाहन नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(४) प्रमाणे असा अहवालच दाव्याचा अर्ज मानला जातो. सगळीकडे हे नीट पाळलं जातं असं नाही, पण जबाबदारी कोणाची हे कायद्याने ठरवलं आहे. रेल्वेतही २००३ च्या नियमांप्रमाणे रेल्वे सुरक्षा बल अशा प्रत्येक घटनेची चौकशी करतं आणि अहवाल विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे (डीआरएम) जातो. तो अहवाल नंतर घरच्यांना दिसतो तो बहुतेकदा विरोधी बाजूचा कागद म्हणून. तोच अहवाल ठरलेल्या मुदतीत रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे पाठवावा, त्यालाच अर्ज मानावं आणि एक प्रत वारसांना घरपोच द्यावी. चौकशी आधीच होते आहे. बदलायचा आहे तो फक्त कागदाचा पत्ता.

४. रक्कम. मृत्यूसाठी ८ लाख रुपये, १ जानेवारी २०१७ पासून तेवढेच. महिना २० हजार कमावणारा, घरात चार जण अवलंबून असलेला ३२ वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या चुकीने रस्त्यावर गेला, तर सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या गुणकाच्या हिशेबाने केवळ बुडालेल्या उत्पन्नापोटी ४० लाखांच्या वर रक्कम येते. तिथे समोरच्याची चूक दाखवावी लागते, इथे नाही, हा फरक मला मान्य आहे. पण म्हणून पाचपट? निदान महागाईप्रमाणे ही रक्कम दर काही वर्षांनी आपोआप वाढली पाहिजे.

५. हे सगळं गाडीतून पडलेल्यांबद्दल झालं. रूळ ओलांडताना गेलेल्यांना कलम १२४-अ लागू होत नाही. त्यांच्या घरच्यांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली, दोन वर्षांच्या आत, दिवाणी दावा लावता येतो. मात्र रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो.

६. दाव्याबद्दल आणखी एक गोष्ट : फौजदारी गुन्हा आणि भरपाई या दोन वेगळ्या वाटा आहेत. गुन्हा नोंदला नाही म्हणून भरपाईचा दावा अडत नाही.

७. वर मागितलेले बदल होईपर्यंत गाडीतून पडून गेलेल्यांच्या घरच्यांनी काय करावं? दावा अपघात झाल्यापासून एक वर्षाच्या आत दाखल करायचा असतो. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नये. लोहमार्ग पोलिसांकडून पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि स्टेशन मास्तरच्या मेमोची प्रत मागून घ्यावी. सोबत प्रवास करणाऱ्यांची, स्टेशनपर्यंत सोडणाऱ्यांची नावं तेव्हाच लिहून ठेवावीत. इस्पितळाबाहेर भेटणाऱ्या दलालाला कोऱ्या कागदावर सही देऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं किंवा १५१०० वर फोन करावा. महाराष्ट्रात रेल्वे दावे न्यायाधिकरणाची खंडपीठं मुंबईला आणि नागपूरला आहेत.