पहिला हात

घराला रंग काढायचा म्हटला की आपण मध्यमवर्गीय माणसे दोन कामांत विशेष लक्ष घालतो. एक, रंगाचा कॅटलॉग पाहणे आणि दुसरे, प्रायमर वाचवणे. आमच्या घरात 'मोतिया' की 'हस्तिदंती' हे ठरायला सव्वा महिना लागला. (दोन्ही रंग भिंतीवर गेले की पिवळेच दिसतात हे मी सांगणार होतो, पण या विषयात माझे मत कोणी विचारत नाही.) प्रायमर नको, हे ठरायला मात्र दीड मिनिट पुरले.

हा निर्णय माझा होता. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. जो पैसा खर्च होतो पण कुठे दिसत नाही, त्याचा मला जन्मजात संशय. रंगारी मिस्त्री सांगत होते, "साहेब, आधी भिंत खरवडू, अस्तराचा हात मारू, लांबी भरू, घासू, परत अस्तर, आणि मग रंगाचे दोन हात."

मी बोटे मोजली. "म्हणजे रंगाच्या आधीच पाच कामं? आणि ती दिसणार कुठे?"

"केली तर दिसणार नाहीत," मिस्त्री म्हणाले. "नाही केली तर दिसतील."

हे वाक्य मी तेव्हाच लिहून घ्यायला हवे होते. त्याऐवजी मी अस्तराच्या रकमेवर काट मारली. दोन हजार दोनशे रुपये वाचले!

प्रायमरविरोधी पक्षाचा मी असा जुना सभासद असल्यामुळे त्या पक्षाचा जाहीरनामा मला तोंडपाठ आहे. त्यातले पहिले कलम : "प्रायमर म्हणजे काय हो, पातळ पांढरा रंगच!" हे वाक्य प्रत्येक कुटुंबात एका मेव्हण्याकडे सोपवलेले असते. आता असे पाहा. सिमेंटची किंवा लांबी भरलेली भिंत ही वैशाखातल्या दुपारी एस.टी.तून उतरलेल्या पाहुण्यासारखी असते. तिला तहान लागलेली असते. अशा पाहुण्याला दारातच केशर घातलेले पन्हे दिले तर तो तेही एका घोटात संपवतो आणि म्हणतो, "जरा पाणी मिळेल का?" तसे तुमचा महागडा रंग भिंत पिऊन टाकते. रंगाला धरून ठेवणारा चिकटपणा आत शोषला जातो आणि वर उरते ती हाताला लागणारी भुकटी. प्रायमर भिंतीची तहान भागवतो, तिची रंध्रे बुजवतो आणि वरच्या रंगाला पकड देतो. आधी पाणी, मग पन्हे, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान.

कलम दुसरे : "त्यापेक्षा रंगाचाच एक हात जास्त द्या." म्हणजे पाहुण्याला पन्ह्याचा दुसरा पेला! शिवाय रंग ते काम करतच नाही. खिडकीच्या लोखंडी गजांना रेड ऑक्साइडऐवजी ऑइलपेंटचे तीन हात दिले, तरी आतला गंज आपले काम शांतपणे चालू ठेवतो. नव्या गिलाव्यात क्षार असतो. त्यावर घाईघाईने नुसता तेलाचा रंग चढवला की तेल आणि क्षार यांचा व्हायचा तोच साबण होतो. शाळेत आपण हे शिकलेलो आहोत. पण ते पेपरात लिहायचे असते, भिंतीवर आठवायचे नसते, अशी आपली समजूत.

कलम तिसरे सगळ्यात लोकप्रिय : "आमच्या आजोबांच्या वेळी कुठे होता प्रायमर?" होता की! आजीने अंगण सारवल्यावाचून त्यावर कधी रांगोळी काढली होती का? वारली बायका भिंत आधी शेणामातीने, गेरूने सारवतात आणि मगच तांदळाच्या पिठाने चित्र काढतात. अजिंठ्याच्या लेण्यांत तर खडकावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि गवताचे धागे, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग. तिथली पुष्कळशी चित्रे पाचव्या शतकातली आहेत. त्या कारागिरांना "खालचे थर वगळा, तेवढेच पैसे वाचतील" असे सांगणारा बी.कॉम. भेटला नाही, हे आपले भाग्य.

प्रायमर म्हणजे संजीवनी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. वरच्या मजल्यावरच्या मोरीचे पाणी तुमच्या भिंतीत मुरत असेल, तर प्रायमरही हात टेकतो. आधी मोरी दुरुस्त करा. जुना रंग घट्ट असेल आणि त्यावर तसलाच रंग द्यायचा असेल, तर अस्तरावाचून चालूनही जाते. पण आमची भिंत तसली नव्हती. ती खरवडून, लांबी भरून उघडी पडलेली होती आणि ती खोली माझ्या वडिलांची होती.

आई गेल्यानंतर ते गाव सोडून आमच्याकडे आले, म्हणून तर रंग काढला. पहिल्या पावसाळ्यातच मोतिया रंगाचे पोपडे सुटू लागले. मी लगेच मिस्त्रींना फोन केला, वाटेल ते बोललो आणि त्यांचे राहिलेले दीड हजार रुपये अडकवून ठेवले. थकबाकीदारांशी कसे बोलायचे हे आम्हांला रोजच्या सवयीने येते. मिस्त्री एवढेच म्हणाले, "बरं साहेब."

एके दिवशी पहाटे पाणी प्यायला उठलो, तर दादा खाटेखालचे पोपडे हातझाडूने सुपलीत भरत होते. हे त्यांचे रोजचे काम होते. सुनेला दिसू नये आणि मला लागू नये म्हणून. मी म्हटले, "राहू द्या दादा, त्या रंगाऱ्यानं फसवलं आपल्याला."

दादांनी सुपली खाली ठेवली. "त्याचे पैसे दिलेस का रे?"

"कसले पैसे? काम बघा ना त्याचं!"

"तो सांगत होता तेव्हा मी इथंच बसलो होतो," दादा म्हणाले आणि परत झाडू लागले.

त्या दिवशी दुपारी मी मिस्त्रींचे पैसे दिले. घरी जाऊन, रोख. मोबाइलवरून पाठवले असते तर तोंड दाखवावे लागले नसते, म्हणूनच गेलो. त्यांनी नोटा न मोजता खिशात घातल्या. नोटा न मोजणाऱ्या माणसासमोर बँकेच्या माणसाला फार अवघडल्यासारखे होते.

दिवाळीआधी खोली पुन्हा खरवडली, यादीतल्या सगळ्या कामांसकट. एकूण खर्च अकरा हजार चारशे. वाचवलेले दोन हजार दोनशे त्यातून वजा करून पाहा. मी पाहिले आहेत. प्रायमर हा महसुली खर्च नसून भांडवली खर्च आहे, हे पदवी मिळाल्यानंतर तेवीस वर्षांनी कळले.

तेव्हा मंडळी, प्रायमर वगळायचा असेल तर खुशाल वगळा. भिंत तुमची आहे. पण पोपडे सुटल्यावर रंगाऱ्याचे पैसे अडकवण्याआधी ती अंदाजपत्रकाची चिठ्ठी एकदा काढून पाहा. अस्तराच्या रकमेवर मारलेली काट कोणाच्या अक्षरातली आहे?