काठीची मूठ आणि आपले मनगट

क्रिकेटची बॅट किंवा गोल्फची काठी हाती देताना प्रशिक्षक सर्वप्रथम शिष्याची पकड तपासतो. कारण पकडीवर मनगटाची ठेवण अवलंबून असते आणि मनगटावर पुढचे सारे. वार्धक्यात जी काठी आपला दिवसभराचा आधार होते, तिच्या बाबतीत मात्र इतका विचार क्वचितच होतो. वडिलांची जुनी काठी माळ्यावरून काढली जाते, किंवा कोणी तीर्थयात्रेहून आणलेली काठी हाती येते. ती आपल्या मापाची आहे का, हे कोणी पाहत नाही.

एक साधा प्रयोग करून पाहा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मूठ घट्ट आवळण्याचा प्रयत्न करा. आता मनगट किंचित मागे झुकवून तीच मूठ आवळा. पकडीतील फरक तत्काळ जाणवेल. बोटे मिटवणारे मुख्य स्नायू हातात नसून कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मनगट आत वाकले की या दोऱ्या सैल पडतात व बोटांतील जोर ओसरतो. म्हणून काठीवरचे मनगट जवळजवळ सरळ असावे. किंचित मागे झुकलेले असले तरी चालते.

मनगटाची ही ठेवण काठीच्या उंचीवर ठरते. नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे व हात सैल सोडावेत. मनगटावरील आडव्या रेषेच्या पातळीला काठीची मूठ यावी. असे माप असल्यास मूठ धरताना कोपर साधारण १५ ते ३० अंशांत वाकते. काठी अधिक उंच असेल तर खांदा वर उचलला जातो आणि मनगट करंगळीच्या बाजूला तिरके होते. ती आखूड असेल तर शरीर झुकते आणि सारा भार तळहाताच्या मुळाशी येतो. माप घेताना स्वतः खाली वाकून पाहू नये. घरातील दुसऱ्या व्यक्तीने ते घ्यावे. लाकडी काठी कापायची असल्यास टोकाचे रबर काढून थोडी थोडी कापावी, कारण कापलेली काठी पुन्हा वाढत नाही.

मुठीचा आकारही महत्त्वाचा आहे. अर्धगोल वळणाच्या मुठीवर भार तळहाताच्या अरुंद भागावर पडतो. सपाट, रुंद मुठीवर तो पसरतो. बारीक मूठ सतत आवळून धरावी लागते व अंगठ्याच्या मुळाशी वेदना होतात. संधिवात असल्यास मुठीवर स्पंजाचे किंवा रबरी आवरण चढवून ती जाड करावी. तळहाताच्या आकाराची घडीव मूठ मात्र उजव्या व डाव्या हातासाठी निराळी असते; खरेदी करताना हे विसरू नये.

गुडघा किंवा खुबा दुखत असल्यास काठी विरुद्ध बाजूच्या हातात असावी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडावी.

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा त्यांच्या चालण्याकडे मागून व बाजूने लक्षपूर्वक पाहावे. खांदा वर गेला आहे का? मनगट मोडल्यासारखे दिसते का? काठीच्या टोकाचे रबर गुळगुळीत झाले आहे का? ते झिजले असल्यास लगेच बदलावे. अंगठा, तर्जनी व मधले बोट, किंवा करंगळी व अनामिका यांना वारंवार मुंग्या येत असतील, तर मनगटाजवळ किंवा तळहातात मज्जातंतूवर दाब पडत असण्याची शक्यता असते. मधुमेह व थायरॉइडच्या रुग्णांत असा त्रास अधिक आढळतो. अशा वेळी डॉक्टरांना हात दाखवावा, आणि सोबत काठीही न्यावी.

मात्र काठी एकाएकी हातातून सुटू लागली, चेहरा वाकडा झाला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो मुठीचा दोष समजू नये. हा पक्षाघात असू शकतो. क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

काठी वापरण्यात कमीपणा नाही. ती आपल्या मापाची मात्र असावी. आज सायंकाळी फिरायला निघण्यापूर्वी दोन मिनिटे ताठ उभे राहा आणि घरातील कोणाला तरी तेवढे माप घ्यायला सांगा.